विंच आणि फाट्यावरचा चहा

आमच्या भागात रुतलेली गाडी ओढून काढायचे पैसे कुणी घेत नाही. त्याऐवजी एक नियम आहे. ज्याची गाडी निघाली त्याने ओढणाऱ्याला फाट्यावरच्या हॉटेलात चहा पाजायचा, आणि चहा पिऊन होईपर्यंत दोर सुटत नाही. दोर सोडायचा तो ओढणाऱ्यानेच, कप खाली ठेवून, मिशी पुसून झाल्यावर. तोवर आपली गाडी त्याच्या ट्रॅक्टरमागे बाजाराला आणलेल्या म्हशीसारखी बांधलेली उभी राहते आणि येणारा-जाणारा थांबून विचारतो, "कुठं रुतली?" हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही. ज्याने केला त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, एवढं नक्की.

माझी गाडी त्या हॉटेलासमोर इतक्यांदा बांधली गेली आहे, की मी मोकळा आलेला दिसलो तर हॉटेलवाला विचारतो, "आज एकटंच?"

आमची वस्ती न्हावऱ्यापासून थोडी आत आहे. डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंत कच्ची वाट, दोन्ही बाजूंना ऊस आणि खाली काळी माती. ही माती कोरडी असली की सिमेंट आणि ओली झाली की मळलेली कणीक. पावसाळ्यात सगळेच रुततात, त्यात लाज नाही. खरी परीक्षा हिवाळ्यात, कारखाने सुरू झाल्यावर. भरलेल्या ट्रॉल्या जाऊन जाऊन वाटेला गुडघाभर चाकोऱ्या पडतात, आणि त्यातच कुणीतरी उसाला पाणी सोडतो आणि बांधावर डुलकी काढतो. पाणी उसातून निघतं आणि चाकोऱ्यांत येऊन बसतं. उसाला पाणी देण्याला आम्ही दारं धरणं म्हणतो. आमच्या वाटेवरच्या दारं धरणाऱ्यांना झोप फार.

अशा वाटेवर राहणाऱ्या शहाण्या माणसाने मोटारसायकल वापरावी. मी पन्नाशीला टेकल्यावर जुनी फोर बाय फोर जीप घेतली. चारही चाकांना जोर मिळतो, ही तिची मुख्य गोष्ट. याचा अर्थ मी असा घेतला, की ही गाडी रुतत नाही. खरा अर्थ असा निघाला, की साधी गाडी चिखलाच्या काठाला रुतते आणि ही जोर लावून पार मधोमध जाते आणि तिथे रुतते.

आणि प्रत्येक वेळी काढायला यायचा तो माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. माझी सासुरवाडी पाटसची, म्हणजे नदीपलीकडे दौंड तालुक्यात. पण मेहुण्याचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या हंगामभर ऊस वाहायला आमच्याच शिवारात असतात. त्यामुळे मी रुतलो की तो जवळच कुठेतरी असणार हे ठरलेलं. त्याहून वाईट म्हणजे तो अतिशय आदराने बोलतो.

"दाजी, तुम्ही उतरू नका. बूट खराब व्हतील."

"दाजी, मागच्या टायमाला जिथं रुतला व्हता, त्याच्या चांगलं हातभर पुढं आलाय की. सुधारणा हाय."

मग दोर, मग हॉटेल, मग चहा. चहा तो बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायचा. घरी मी त्याला कधी बशीतून पिताना पाहिलेला नाही.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण दिवाळीनंतर बायको माहेराहून आली ती हसू दाबतच आली. तिथल्या पोरांनी म्हणे नवा खेळ काढला होता. एकाने ओल्या मातीत फतकल मारून बसायचं, दुसऱ्याने कमरेला टॉवेल बांधून त्याला ओढायचं, आणि मग दोघांनी मिळून पाणी प्यायचं. खेळाचं नाव 'दाजी-दाजी'.

"बसायची पाळी कुणावर येते?" मी विचारलं.

"जो हरेल त्याच्यावर," ती म्हणाली.

त्याच दिवशी मी ठरवलं, की गाडीला विंच बसवायचा. विंच म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवलेलं तारेचं रीळ. तार लांब नेऊन कशाला तरी अडकवायची, बटण दाबायचं, रीळ फिरतं, तार गुंडाळली जाते आणि गाडी आपली आपण चिखलातून वर येते. मला बाकी काही नको होतं. एकदा, फक्त एकदा रुतावं, आणि मेहुण्याच्या दोराला न बांधता हॉटेलावर जाऊन स्वतःच्या पैशाने स्वतःचा चहा प्यावा. तोही बशीतून.

आता विंच निवडणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहायला लागलो तर ते संपेचनात. दाढी वाढवलेली गोरी माणसं घनदाट जंगलात आपणहून चिखलात गाड्या घालायची आणि मग आनंदाने बाहेर काढायची. बायको मागून डोकावून म्हणाली, "ह्यांना कामं नाहीत का?" मी म्हणालो, हे प्रात्यक्षिक आहे. ती म्हणाली, "तुमचंही प्रात्यक्षिकच चाललेलं असतं की. फक्त कुणी शूटिंग करत नाही."

घरात दुसरे सल्लागार म्हणजे आप्पा. आप्पा माझे चुलते, वस्तीवर आमच्यातच राहतात. तरुणपणी त्यांची यारी होती. विहीर खोदताना आतला दगड-मुरूम बादलीने वर काढायचं जे यंत्र काठावर उभं करतात, ती यारी. त्यांनी व्हिडिओ लांब धरून पाहिला आणि मोबाइल परत दिला.

"यारीच की ही. आडवी केल्याली."

"तसं नाही आप्पा, हे वेगळं..."

"रीळ हाय, तार हाय, वजन वढती. मग अजून काय पायजे यारीला? शिंगं?"

तेव्हापासून विंच हा आप्पांचा विषय झाला आणि माझ्याकडे फक्त खर्च राहिला.

पहिला प्रश्न हाताने चालवायचा घ्यावा की विजेवरचा. हाताने चालवायचा स्वस्त होता आणि बिघडायला त्यात काही नव्हतं. मी त्या बाजूला झुकलो होतो. बायकोने एवढंच विचारलं, "हातानं म्हणजे कुणाच्या?" विजेवरचा ठरला.

दुसरा प्रश्न वजनाचा. पुण्यात अशा सामानाचं दुकान आहे, तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं, "सर, गाडीचं सगळं सामान भरून जे वजन होईल ना, त्याच्या दीडपट ओढणारा विंच घ्यायचा. आधी वजन कळवा." मी गाडीच्या कागदावरचं वजन सांगणार होतो, पण आप्पा म्हणाले, कागदावर काय बी असतं, काट्यावर घाल.

ऊसवाल्यांना काटा नवा नाही. फाट्याजवळ भुईकाटा आहे, जिथे अख्खी ट्रॉली चढवून वजन करतात. आम्ही गाडी भरली. पेंडीची पोती, दुधाचे कॅन, स्टेपनी, पुढे आप्पा, मागे बायको. रांगेत पुढे-मागे उसाच्या ट्रॉल्या. काट्यावर गाडी चढली, वजन झालं. मग रीतीप्रमाणे आप्पा आणि बायको उतरले, पोती आणि कॅन उतरवले, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर घातली, वजन झालं. काटेवाल्याने पावती फाडून दिली. मी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि पावतीवरचं वजन ऐटीत वाचून दाखवलं.

दुकानदाराने आकडा पुन्हा वाचायला लावला.

"सर, गाडीच आहे ना?"

"गाडीच. का?"

"नाही, एवढ्या वजनाला विंच कशाला? चार मित्र बोलवा, उचलून ठेवतील."

मी पावती पुन्हा पाहिली. वर भरलेल्या गाडीचं वजन, त्याखाली रिकाम्या गाडीचं, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत 'निव्वळ'. जन्मापासून आम्हाला त्या शेवटच्या आकड्याखेरीज दुसरं काही वाचायची सवय नाही. उसाचं बिल त्याच्यावर निघतं. मी पुण्याला कळवलं होतं ते आप्पा, बायको, पेंड आणि दूध यांचं वजन. गाडी त्यातून बरोबर वजा केली होती. आप्पाही शेजारी उभे राहून मान डोलवत होते. यारी चालवलेल्या माणसालाही ते खटकलं नाही.

बायकोला मात्र दुसरंच खटकलं. "म्हणजे माझं वजन पुण्याला कळवलंत?"

"एकटीचं नाही," मी म्हणालो. "पेंडीसकट." हे बोलायला नको होतं.

पुढच्या आठवड्यात आप्पांना घेऊन दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, अर्ध्या चड्डीत, पण बोलायला नम्र. त्याने ओळीने विंच दाखवले. त्यांची ताकद पौंडात लिहिलेली. आप्पा म्हणाले, "इंग्रज गेलं, पौंड ऱ्हायलं." दुकानदाराने किलोत करून सांगितलं. मग त्याने विचारलं, लोखंडी तार घेणार की नवा दोर? नवा दोर प्लॅस्टिकच्या धाग्यांचा, वजनाला हलका, आणि तुटला तरी लोखंडी तारेसारखा झपकन मागे येऊन लागत नाही. मला तो आवडला. रंगही नारिंगी होता. आप्पांनी दोन बोटांत धरून चुरगळला.

"ह्यो दोर हाय का पायजम्याची नाडी?"

"काका, याच्यावर गाडी लटकते."

"लटकल. पर लोकांना दिसली पायजे ना तार हाय म्हणून. नाडीवर इसवास कोन ठेवंल?"

यात तथ्य होतं. विंच मला चिखलासाठी हवा होता त्याहून जास्त हॉटेलासाठी हवा होता, आणि हॉटेलावर नाडी चालली नसती. मेहुण्याने तर त्यावर सबंध हंगाम काढला असता. लोखंडी तार ठरली. दुकानदार म्हणाला, मग ओढताना तारेवर ओलं पोतं टाकत चला, तुटली तर उसळत नाही. आप्पांनी, यारीवर आम्ही हेच करायचो, म्हणून त्याला पास केलं.

निघताना त्याने शेवटचं विचारलं, "अडकवायला झाडं वगैरे आहेत ना तुमच्याकडे?"

"शेतकरी माणसं आम्ही," मी हसून म्हणालो. "झाडांना काय तोटा?"

डोळ्यांसमोर आमच्या अंगणातला कडुलिंब होता. दोन माणसांच्या कवेत न मावणारा.

शिरूरला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्टीचा बंपर करून विंच बसवून घेतला. त्याने हौसेने बंपरवर एका बाजूला 'शुभ' आणि दुसऱ्या बाजूला 'लाभ' कापून दिलं, न विचारता. घरी आल्यावर बायकोने हळदकुंकू लावलं, आप्पांनी नारळ फोडला, आणि पहिली चाचणी झाली. गाडी गोठ्यापाशी उभी केली, क्लचचा दांडा मोकळा करून तार हाताने ओढत नेली, लिंबाला पट्टा बांधून हूक अडकवला, दांडा परत बसवला आणि बटण दाबलं. रीळ घुरघुरलं, तार ताठ झाली आणि गाडी एखाद्या शहाण्या बैलासारखी लिंबाकडे चालू लागली. बंद इंजिनाने, मी बाहेर उभा असताना. आजवर वाहनाने माझं इतकं ऐकलं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी दूध घालून आलो की गाडी गोठ्यापासून लिंबापर्यंत. पाहुणे आले की लिंबापर्यंत. बायको ओट्यावर मेथी निवडत बसलेली असायची. "आज कुठं निघालात?" ती विचारायची. मग स्वतःच उत्तर द्यायची, "लिंबापर्यंत." चाचणी खरी वाटावी म्हणून आप्पांनी खाली पाणीही ओतून दिलं, तरी गाडी निघाली. मेहुण्याला मी काही कळवलं नव्हतं. त्याला कळायचं ते चिखलातच कळू दे, असा माझा विचार होता.

संक्रांतीनंतर तो दिवस आला. बायकोच्या माहेरी हळदीकुंकू होतं. दुपारी निघायचं होतं. तिने काठपदराची साडी नेसली होती, मांडीवर वाण म्हणून वाटायच्या स्टीलच्या गाळण्यांची पिशवी. आप्पा आधीच फाट्यावर पेपर वाचायला गेले होते. वाटेच्या टोकाशी, डांबरी नजरेत आल्यावर, पाणी दिसलं. आमच्याच उसातून येऊन चाकोऱ्यांत भरलेलं, वर छान आकाश दिसत होतं त्यात.

"थांबा," बायको म्हणाली. "मी बांधावरून चालत जाते, तुम्ही दुसऱ्या अंगानं..."

पण मला वेगळाच आनंद झाला होता. विंच घेतल्यापासून मी पहिल्यांदाच चिखलाकडे सरळ पाहत होतो. मी गाडी घातली. गाडी मधोमध गेली आणि तिच्या नेहमीच्या पद्धतीने बसली.

"काही हरकत नाही," मी म्हणालो आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. दांडा मोकळा केला, हूक खांद्यावर घेतला आणि तार ओढत पुढे निघालो. थोडं गेल्यावर थांबलो. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

झाड नव्हतं.

एकही नव्हतं. उजवीकडे ऊस, डावीकडे तुटून गेलेल्या उसाचं पाचट, समोर डांबरी. बांधावर पूर्वी बाभळी होत्या, दोन लिंब होते, एक चिंच होती. पण झाडाच्या सावलीने पिकावर वसवा पडतो, सावलीतला ऊस बारीक राहतो, म्हणून ते बांध आम्हीच एकेक करून मोकळे केले होते. विंच निवडताना आम्ही तार पाहिली, ताकद पाहिली, रंग पाहिला, आप्पांचं वजन पाहिलं. रोज लिंबापर्यंत गेलो. लिंब वाटेवर नाही, अंगणात आहे, हे माझ्या किंवा आप्पांच्या मनात आलं नाही.

"काय झालं?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"जागा बघतोय."

"कशाची?"

विजेचा खांब होता, पण आधीच वाकलेला, आणि बायको आतून म्हणाली, "खांबाकडं बघू पण नका. सगळ्या शिवाराची लाइट घालवाल." शेवटी पाण्याच्या चारीच्या भरावावर एक वेडी बाभूळ दिसली, मनगटाएवढी जाड. तिला पट्टा बांधला, तारेवर पोतं ओलं करून टाकलं, सगळं शिकवल्याप्रमाणे. बटण दाबलं. रीळ घुरघुरलं, तार ताठ झाली, आणि बाभूळ निघाली. मुळांसकट, सावकाश, फांद्या हलवत ती आमच्याकडे यायला लागली. गाडी जागची हलली नाही. बटण सोडायचं सुचेपर्यंत बाभूळ बंपरपाशी येऊन टेकली होती, बरोबर 'शुभ' आणि 'लाभ'च्या मधे.

बायकोने खिडकीतून तिच्याकडे पाहिलं. "हिला घेऊन जायचंय का पाटसला?"

तेवढ्यात डांबरीवरून गाण्यांचा आवाज आला. मेहुण्याचा ट्रॅक्टर गाण्यांशिवाय चालत नाही. दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन तो कारखान्याकडे निघाला होता. आम्हाला पाहून त्याने ट्रॅक्टर कडेला घेतला, गाणं बंद केलं, खाली उतरला आणि काठावर येऊन उभा राहिला. त्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग बाभळीकडे, मग तारेकडे, मग माझ्या पायांकडे.

"दाजी," तो अतिशय आदराने म्हणाला, "झाडं उपटायचं मशीन घेतलं व्हय?"

"विंच आहे हा."

"आस्सं." तो वळला. "थांबा, ट्रॉल्या सोडतो आन् दोर आनतो."

"दोर आणायचा नाही," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा, कारण तो थांबला. "तू ओढायचं नाहीस. ट्रॉल्या सोडायच्या नाहीत. जिथे आहेस तिथेच ब्रेक दाबून उभं राहायचं."

"नुस्तं उभं ऱ्हायचं?"

"नुसतं."

"लग्नात नवरदेवामागं मामा उभा ऱ्हातो, तसं?"

"तसंच समज. पण हलायचं नाही."

"न्हाई हलत," तो म्हणाला. "तुमच्यासाठी दाजी, गाणं बी न्हाई लावत."

मी बाभळीची सोडवणूक केली, तार डांबरीपर्यंत नेली. पुरली, जेमतेम. मागच्या ट्रॉलीच्या हुकाला अडकवली. मेहुणा ट्रॅक्टरवर बसला, ब्रेकवर दोन्ही पाय. दोन ट्रॉल्या भरून ऊस, त्याला काय बाभळीसारखं निघून येता येणार नव्हतं. मी बटण दाबलं. तार ताठली, गाडीने एक हुंकार दिला, चिखलाने तिला जरा वेळ धरून ठेवलं आणि मग सोडलं. गाडी निघाली. इंच इंच, 'शुभ' पुढे, 'लाभ' पुढे, खिडकीत काठपदर आणि गाळण्यांची पिशवी. मी शेजारून रिमोट घेऊन चालत होतो. कुणी पाहायला नव्हतं हे मला फार लागलं.

पुढची चाकं डांबरीला लागल्यावर मी हूक सोडायला वाकलो. मेहुण्याचा हात आडवा आला.

"चहा झाल्याशिवाय दोर सुटत न्हाई, दाजी."

"हा तुझा दोर नाही. माझी तार आहे."

"तार असू द्या न्हाईतर चऱ्हाट. नेम त्यो नेम."

"मी माझा निघालोय."

"त्ये हाटेलात ठरवू."

हॉटेल हाकेच्या अंतरावर होतं. तार ढिली करून, त्याच्यामागे सावकाश, माझ्याच इंजिनावर आणि माझ्याच तारेने बांधलेला असा मी पुन्हा एकदा तिथे पोचलो. बाकावर आप्पा पेपर घेऊन बसले होते, दूध डेअरीवरची दोघंतिघं होती. हॉटेलवाल्याने नेहमीप्रमाणे दूध चुलीवर ठेवलं आणि विचारलं, "चहा कुणाकडं?"

"दाजींकडं," मेहुणा म्हणाला. "रीतीपरमानं."

"का म्हणून?" मी म्हणालो. "मला कुणी ओढलेलं नाही. हा नुसता उभा होता. ओढणारा मी, निघणारा मी. उलट माझ्या तारेला हा बांधलाय. चहा याने पाजायला पाहिजे."

बाकावर एकदम जिवंतपणा आला. हंगामात इतका चांगला प्रश्न क्वचितच येतो.

"ट्रॅक्टर जागचा हलला का?" डेअरीवरच्या एकाने विचारलं.

"न्हाई," मेहुणा म्हणाला. "दाजींनीच हलू दिला न्हाई."

"मग वढलं कसं म्हनायचं त्यानं?"

"आन् म्हैस खुट्याला बांधली तर म्हशीनं खुटा धरला असं म्हनायचं का?" दुसरा म्हणाला.

"ह्यो उभा नसता तर ह्ये अजून तिथंच असतं," तिसरा म्हणाला.

"तसं तर रस्ता बी उभाच व्हता. रस्त्याला पाजायचा का चहा?"

मी आशेने आप्पांकडे पाहिलं. यंत्राची माहिती असलेला तिथे तो एकच माणूस होता आणि शिवाय आपला होता. आप्पांनी पेपरची घडी घातली.

"यारी काठाव असती," ते म्हणाले. "मुरूम तळाला असतो. यारी मुरमाला वढती, ह्ये सरळ हाय. पर हितं यारीच तळाला बसल्याली. मुरमासंगट. आसं आमच्या टायमाला कवा झालं न्हाई."

सगळे हसले. मेहुणा बशी मागायला वळला. मी विचारलं, "आप्पा, आज आपल्या उसात दारं कुणी धरली होती?" तेव्हा आप्पांनी पेपर पुन्हा उघडला.

याच वेळी गाडीचं दार वाजलं. बायको खाली उतरली. साडीचा घोळ एका हाताने वर धरून ती गाडीच्या तोंडाशी गेली, विंचचा दांडा फिरवून क्लच मोकळा केला, तार हाताने सैल ओढली, ट्रॉलीपाशी जाऊन हूक काढला, येऊन बंपरला लावला आणि बटण दाबून उरलेली तार गुंडाळून घेतली. पोतं झटकून मागे टाकलं. इतक्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता तिने सगळं पाहून ठेवलं होतं, आणि माझ्यासारखी एकदाही दांडा उलटा फिरवून चुकली नाही.

"दोर कोण सोडतं?" तिने विचारलं.

"वढनारा," हॉटेलवाला म्हणाला. तसा तो नियमाला पक्का.

"मी सोडला. म्हणजे ओढणारी मी." तिने आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता तुम्ही दोघं मिळून मला चहा पाजा. लवकर. तिकडं बायका खोळंबल्यात."

मेहुण्याने आणि मी मिळून तिला चहा पाजला. ती उभ्यानेच प्यायली, बशीतून, फुंकून फुंकून. तेव्हा मला कळलं की ही सवय त्यांच्या घरातली आहे आणि खास प्रसंगासाठी राखून ठेवलेली असते.

हळदीकुंकवाला आम्ही पोचलो तेव्हा निम्म्या बायका गेल्या होत्या, पण बातमी आधी पोचली होती. 'दाजी-दाजी' खेळात आता एक जण वाढला आहे. एकाने बसायचं, एकाने ताठ उभं राहायचं, आणि एका मुलीने येऊन दोघांची दोरी सोडायची. ती पाळी हरणाऱ्यावर येत नाही. तिच्यासाठी भांडणं होतात.

वाटेच्या त्या टोकाला बांधावर मी लिंबाचं रोप लावलं आहे. आप्पा रोज त्याच्याशेजारून जाताना म्हणतात, "वसवा पडंल." रोप सध्या माझ्या गुडघ्याला लागतं. गाडी ओढण्याइतकं ते होईपर्यंत मी गाडी चालवत असेन की नाही, शंकाच आहे.

तोवर विंच आहेच. कालही गाडी रुतली, त्याच जागी, जराशी पुढे. मी मेहुण्याला फोन केला. पण आता मी त्याला ओढायला ये म्हणत नाही. म्हटलं, "मोकळा असशील तर जरा उभा राहायला ये."

"येतो की," तो म्हणाला. "आक्काला घिऊन या मातर. दोर सोडायला."